घरच्या संगणकाची मालकी

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल बंद केली, आणि ज्यांच्या एकाही भागात बिघाड झालेला नव्हता, ज्यांवर आदल्या दिवसापर्यंत मुलांचा अभ्यास, घरचा जमाखर्च आणि दूरदेशीच्या नातलगांशी पत्रव्यवहार सुरळीत चालला होता, असे अगणित संगणक एका तारखेच्या जोरावर कालबाह्य ठरले. नव्या विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था यंत्रात असावी लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचा असावा लागतो. त्यामुळे २०१७च्या आरंभी पुरी किंमत मोजून घेतलेला सातव्या पिढीचा संगणक, त्याची क्षमता आजच्या घरगुती कामाला पुरून उरत असली, तरी या अटीत बसत नाही. जुन्या प्रणालीला आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सवलत कंपनीने ठेवली खरी, परंतु तीही मुख्यतः पैसे भरून किंवा आपला संगणक कंपनीच्या खात्याशी जोडून देऊन. २०१५ साली बाजारात आणलेल्या मालाची निगा किती काळ राखावी, हे ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याला आहे, हे मला मान्य आहे, आणि त्याला दूषणे देण्याचा माझा हेतू नाही. मला अस्वस्थ करते ती गोष्ट निराळी आहे. यंत्राची किंमत मोजणारा एक, त्याच्या आयुष्याचा निकाल देणारा दुसरा, आणि या दोघांमध्ये अर्ज, सुनावणी वा अपील यांचा कसलाच मार्ग नाही, अशा व्यवस्थेला आपण इतके सरावलो आहोत की तीत काही वावगे आहे, असेही आता कोणाला वाटत नाही.

मालकी आणि वहिवाट यांतला भेद मराठी मुलुखाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. १९४८चा मुंबई कूळवहिवाट कायदा आणि त्याच्या दुरुस्तीनुसार उगवलेला १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी जमीन कसणारा आणि तिच्या कागदावर मालक म्हणून नोंदला जाणारा हे दोघे एकच असावेत, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत मांडले, आणि त्याच्या अंमलबजावणीत कितीही उणिवा राहिल्या असोत, त्या तत्त्वाच्या न्याय्यतेविषयी आज कोणी वाद घालत नाही. घरच्या संगणकाच्या बाबतीत मात्र कागद आपल्या नावाचा आणि अंमल परक्याचा, असा उलटा प्रकार घडला आहे. पावती आपल्याजवळ असते. पण त्या यंत्रात कोणते कार्यक्रम असावेत, त्यांनी पडद्याआड काय करावे, कोणती माहिती बाहेर पाठवावी, कोणत्या रात्री यंत्राने आपल्या आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे, याचे हुकूम दूरच्या दफ्तरातून सुटतात, आणि आपण फक्त ‘मान्य आहे’ या चौकटीवर बोट ठेवतो. ही स्थिती बदलण्याचा एक मार्ग गेली वीसहून अधिक वर्षे खुला आहे. तो कष्टाचा आहे, थोड्यांनाच रुचणारा आहे. तरीही त्याची माहिती सर्वसामान्य वाचकाला असावी आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी तो चालून पाहावा, असे मला मनापासून वाटते. घरच्या संगणकावर लिनक्स प्रणाली तयार स्वरूपात न घेता, तिच्या मूळ संहितेपासून, म्हणजे सोर्स कोडपासून, आपल्याच यंत्रावर आपल्या निवडीप्रमाणे घडवून घेणे, हा तो मार्ग होय.

येथे एक खुलासा आधीच केलेला बरा. ज्यांना जुना संगणक केवळ पुन्हा वापरात आणायचा आहे, त्यांनी डेबियन, उबुंटू किंवा मिंट यांपैकी एखादी तयार लिनक्स प्रणाली घ्यावी. ती अर्ध्यापाऊण तासात बसते, मराठीही उत्तम दाखवते आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळते. आपल्याकडे सी-डॅकने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली, आणि केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांचे संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले, ते याच तयार स्वरूपाच्या बळावर. पुढे जे लिहिणार आहे, त्याने या मार्गाचे महत्त्व कमी होत नाही. परंतु तयार प्रणालीतही असंख्य निर्णय दुसऱ्या कोणी, सद्हेतूने का होईना, आपल्या वतीने घेऊन ठेवलेले असतात; ते निर्णय स्वतः घेण्याची ज्याला इच्छा आहे, त्याच्यासाठी जेंटू नावाची प्रणाली आहे, आणि या लेखाचा विषय प्रामुख्याने ती आहे.

तिचा वंशवृक्ष थोडक्यात सांगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे त्या प्रकल्पातून निघालेल्या जीसीसी या कंपायलरने, म्हणजे मानवाने लिहिलेल्या संहितेचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या साधनाने, पुढच्या सगळ्या घडामोडींचा पाया घातला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, वार्ता जगाला दिली आणि दुसऱ्याच वर्षी त्याला जीएनयूचे जीपीएल हे अनुज्ञापत्र लावले. त्या अनुज्ञापत्राचे मर्म असे की, जो कोणी तयार कार्यक्रम दुसऱ्याच्या हाती देईल, त्याने मागणाऱ्याला त्याची संहिताही दिली पाहिजे, आणि घेणाऱ्याला ती बदलण्याचा व पुढे देण्याचा अधिकार राहिला पाहिजे. कूळकायद्याने जे काम विधिमंडळाच्या अधिकाराने केले, ते येथे लेखकांनी आपल्याच स्वामित्वहक्काचा उपयोग करून स्वेच्छेने केले आहे. विसाव्या शतकातील कायदेविषयक कल्पकतेची इतकी उदात्त उदाहरणे फार नसतील, असे माझे मत आहे. १९९९च्या सुमारास डॅनियल रॉबिन्स या अमेरिकी तरुणाने ‘इनॉक’ नावाने आपली एक प्रणाली उभारण्यास आरंभ केला, फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीतील संहितेपासून कार्यक्रम बांधण्याची पद्धती त्याने जवळून अभ्यासली, आणि तिच्यावरून प्रेरणा घेऊन पोर्टेज हे व्यवस्थापनाचे साधन घडवले. नव्या प्रणालीला त्याने जेंटू या पेंग्विनचे नाव दिले, कारण तो पक्षी पेंग्विनांमध्ये पाण्यात सर्वांत वेगाने पोहणारा आहे. ३१ मार्च २००२ रोजी जेंटूची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००४ साली रॉबिन्स यांनी तिचा कारभार एका ना-नफा संस्थेकडे सोपवून निरोप घेतला, आणि तेव्हापासून ती निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांच्या हातांनी चालते आहे. संस्थापक निघून गेल्यावरही दोन दशके टिकलेले काम पाहिले की त्याच्या मुळाशी कोणा एकाची हौस नव्हती, याची खात्री पटते.

आता प्रत्यक्ष प्रक्रियेकडे वळतो, कारण या विषयाचे सारे सौंदर्य तीत आहे. इतर प्रणालींप्रमाणे येथे ‘पुढे’, ‘पुढे’ अशी बटणे दाबत जाण्याची सोय मुळातच पुरवलेली नाही. ‘हँडबुक’ या नावाने प्रसिद्ध असलेली, अत्यंत काळजीपूर्वक लिहिलेली पुस्तिका समोर ठेवून एकेक आज्ञा स्वहस्ते टंकायची असते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, डिस्कचे विभाग आपणच पाडायचे, ‘स्टेज थ्री’ नावाचे एक गाठोडे, ज्यात कंपायलरसह किमान आवश्यक साधने असतात, त्या विभागात उलगडायचे, आणि मग त्या अर्धवट घरात शिरून उरलेले घर आतूनच बांधायचे. आरंभीच्या काळात हौशी मंडळी याहूनही आधीच्या ‘स्टेज वन’ पायरीपासून, म्हणजे कंपायलरसुद्धा स्वतः बांधण्यापासून, सुरुवात करीत. आता त्याची शिफारस कोणी करीत नाही आणि ते योग्यच आहे. ज्याला ती तपश्चर्याच करायची असेल त्याच्यासाठी गेरार्ड बीकमन्स यांनी सुरू केलेला ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा ग्रंथ आहे, ज्यात व्यवस्थापनाचे साधनही हाती न घेता सारी प्रणाली रचण्याची विद्या सांगितली आहे. पण तशी प्रणाली रोजच्या वापरात अद्ययावत राखणे दुष्कर असते, म्हणून घरच्या संगणकासाठी मी जेंटूचाच पक्ष घेतो.

यानंतर येते ती ‘मेक डॉट कॉन्फ’ ही लहानशी फाइल. तिच्यात आपल्या यंत्राविषयीचे आपले सर्वसाधारण धोरण लिहून ठेवायचे असते: कंपायलरने कोणत्या प्रोसेसरला उद्देशून आज्ञा तयार कराव्यात, एका वेळी किती कामे समांतर चालवावीत (प्रत्येक कामामागे २ जीबी रॅम हाताशी असावी असे हँडबुक सांगते, म्हणजे ८ जीबीच्या घरगुती यंत्रावर चारच्या पुढे जाऊ नये), आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘यूज फ्लॅग’ या नावाने ओळखले जाणारे होकार आणि नकार. संहितेतून बांधल्या जाणाऱ्या बहुतेक कार्यक्रमांत काही अंगे ऐच्छिक असतात. छपाईची सोय हवी की नको, ब्लूटूथ हवे की नको, अमुक एका डेस्कटॉपशी जुळणी हवी की नको, हे बांधतानाच ठरते. ज्याच्या टेबलावरच्या संगणकात ब्लूटूथचे उपकरणच नाही, त्याने त्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लिहिले की ते अंग त्या यंत्रावरच्या कोणत्याही कार्यक्रमात बांधलेच जात नाही; ते बंद करून ठेवलेले नसते, ते तेथे नसतेच. फायरफॉक्स या ब्राउजरच्या बांधणीत ‘टेलिमेट्री’ नावाचाही एक फ्लॅग आहे, म्हणजे वापराविषयीची माहिती निर्मात्याकडे पाठवण्याची सोय आत असावी की नसावी, हे बांधणारा ठरवू शकतो. सेटिंगच्या सातव्या पानावर एखादी खूण काढून ती पुढच्या आवृत्तीत परत उमटणार नाही, अशी आशा बाळगणे, आणि ती सोय मुळात बांधूच न देणे, या दोहोंत जो फरक आहे, तोच वहिवाट आणि मालकी यांत आहे.

पुढे कोणताही कार्यक्रम मागवताना पोर्टेजला विचारणा करण्यास सांगितले, तर ते आधी संपूर्ण यादी मांडते: हा कार्यक्रम बांधायचा तर त्याच्या आधाराला आणखी कोणकोणते लागतील, त्या प्रत्येकात कोणते फ्लॅग चालू, म्हणजे तांबड्या अक्षरांत, आणि कोणते बंद, म्हणजे निळ्या अक्षरांत आहेत, आणि मग होय की नाही, असा प्रश्न करून थांबते. त्या क्षणी यंत्र मालकाच्या संमतीची वाट पाहत असते, आणि संमती देण्यापूर्वी ज्या गोष्टीची ती संमती आहे, ती संपूर्णपणे समोर मांडलेली असते. अनुज्ञापत्रांच्या बाबतीतही असेच आहे. जेंटू आपल्या मूळ मांडणीत केवळ मुक्त अनुज्ञापत्रांचे कार्यक्रम स्वीकारते. वायफायच्या चिपला लागणारे फर्मवेअर यांसारखी ज्यांची संहिता खुली नाही अशी वस्तू आत घ्यायची असेल, तर वापरणाऱ्याला तिचे अनुज्ञापत्र मान्य असल्याचे स्वतःच्या हाताने एका फाइलीत नोंदवावे लागते. मी व्यवहारी मनुष्य आहे. वायफायशिवाय आजचा संगणक पुष्कळांना निरुपयोगी वाटेल आणि ती नोंद ते करतील, हे मी जाणतो. परंतु जेथे तत्त्वाला मुरड घातली तेथे ती घातल्याची नोंद आपल्याच दफ्तरी, आपल्याच अक्षरांत राहते, हे मला फार मोलाचे वाटते. प्रणालीत एखादा मोठा बदल यायचा असेल तर त्याची जाहीर सूचनाही पोर्टेजमार्फत आधी येते: काय बदलणार, का बदलणार, आणि आपण काय करावे. नागरिकाला सरकारकडून ज्या सभ्यतेची अपेक्षा असते, ती येथे स्वयंसेवकांची एक विखुरलेली मंडळी कसल्याही सक्तीवाचून पाळते.

मराठी माणसासाठी या निवडीत एक खास आनंद आहे. धोरणाच्या त्याच फाइलीत भाषांच्या जागी ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे लिहिली आणि प्रणालीच्या स्थानिक भाषांच्या यादीत भारतीय मराठीची नोंद केली, की लिबरऑफिससारखे ज्यांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे ते कार्यक्रम मराठी घेऊनच उभे राहतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची जी प्रमाण रूपे ठरवली, त्यांत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आहेत, हे शिक्षकांना आणि मुद्रकांना ठाऊक असते. पण संगणकावर पुष्कळदा या दोन अक्षरांची हिंदीत रुळलेली वळणे दिसतात, आणि आपली मुले तीच गिरवतात. वास्तविक नोटोसारख्या काही टंकांत दोन्ही वळणे असतात. मजकूर मराठी आहे, असे प्रणालीने अक्षरजुळणी करणाऱ्या हार्फबझ या ग्रंथालयाला, म्हणजे सॉफ्टवेअर लायब्ररीला, सांगितले की ते मराठी वळण निवडते. ही साखळी कोठे जोडलेली असते, टंक कोणता, भाषेची नोंद कोठली, जुळणी करणारे ग्रंथालय कोणते, हे तयार प्रणाली वापरणाऱ्याच्या दृष्टीस सहसा पडत नाही. ज्याने यातली प्रत्येक कडी स्वतः मागवून बसवली, त्याला आपल्या लिपीचे चुकलेले वळण दुरुस्त करता येते, आणि ते चुकते का, हेही सांगता येते. भाषेच्या अस्मितेवर आपल्याकडे भाषणे विपुल होतात; ‘ल’च्या पाकळीची काळजी वाहणारे हात त्यामानाने थोडे आहेत, आणि ते वाढावेत अशी माझी तळमळ आहे.

कर्नलच्या बांधणीविषयी मात्र लांबण लावत नाही. त्याच्या संहितेच्या ओळी ३ कोटींच्या वर गेल्या आहेत आणि निवडीचे पर्याय हजारोंनी मोजावे लागतात. नवख्याने जेंटूने आखून दिलेली कर्नलची मांडणी घ्यावी आणि आपल्या यंत्रातील प्रत्येक उपकरणाचे नाव व त्याचा चालक कार्यक्रम हळूहळू ओळखीचा झाल्यावर, पुढे केव्हातरी, सवडीने, आपला कर्नल आपण रचावा.

या मार्गाची जी स्तुती सर्वत्र ऐकू येते, तिच्यातील एका भागाशी माझा मतभेद आहे. स्वतःच्या प्रोसेसरसाठी कंपाइल केल्याने संगणक विलक्षण वेगवान होतो, असे सांगितले जाते, आणि पेंग्विनाच्या नावामागेही तीच महत्त्वाकांक्षा होती. यात तथ्याचा अंश आहे. तयार प्रणालींचे कार्यक्रम पुष्कळदा अशा बेताने कंपाइल केलेले असतात की २००३ साली आलेल्या पहिल्या ६४-बिट एएमडी प्रोसेसरवरही ते चालावेत. साहजिकच त्यानंतरच्या दोन दशकांत प्रोसेसरांना लाभलेल्या नव्या आज्ञांचा त्यांना सरसकट उपयोग करता येत नाही. परंतु ज्या कार्यक्रमांत वेगाला खरे महत्त्व असते, उदाहरणार्थ चित्रफिती उलगडणारे, ते चालू होतानाच प्रोसेसर ओळखून योग्य त्या आज्ञा निवडतात, आणि उरलेल्यांत पडणारा फरक पत्र लिहिणाऱ्याला किंवा बातम्या वाचणाऱ्याला सहसा जाणवत नाही. जुने यंत्र हलके वाटू लागते ते बहुधा अनावश्यक गोष्टी त्यात नसल्यामुळे. केवळ वेगाच्या आशेने जो या वाटेला येईल तो निराश होऊन परतेल, आणि त्याच्या निराशेचा दोष या वाटेवर येईल. म्हणून हे स्पष्टपणे सांगणे मला कर्तव्य वाटते.

विश्वासार्हतेचा प्रश्न याहून गहन आहे. स्वतः कंपाइल केले म्हणजे आत काय आहे हे आपण पाहिले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. कोट्यवधी ओळी वाचून काढणे एका मनुष्याच्या आयुष्यात शक्य नाही. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या भाषणात दाखवून दिले की, कपट जर कंपायलरमध्येच दडवले, तर शुद्ध संहितेपासूनही अशुद्ध कार्यक्रम निपजू शकतो. आणि जेंटूच्या स्टेज थ्रीमधला पहिला कंपायलर दुसऱ्याच कोणी बांधलेला असतो, हे विसरता येत नाही. २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आलेले एक्सझेड प्रकरण तर याहून ताजे आहे. फाइली आक्रसून ठेवणाऱ्या त्या साध्या साधनाचा भार एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. टोपणनावाने आलेल्या कोणा एकाने दोनएक वर्षे चिकाटीने काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि दूरवरून संगणकात शिरण्याची चोरवाट त्यात पेरली. तिचा दुवा वितरणासाठी बांधलेल्या संहितेच्या गाठोड्यात घातलेला होता, सर्वांना दिसणाऱ्या भांडारातील संहितेत तो नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच खटकले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो मुळापर्यंत गेला. तो स्वतः मायक्रोसॉफ्टच्या सेवेत होता, हेही नमूद केले पाहिजे, म्हणजे या विषयाकडे देव आणि दानव यांच्या युद्धाच्या दृष्टीने कोणी पाहणार नाही. या प्रकरणावरून मी काढलेला निष्कर्ष असा आहे की, खुल्या संहितेने कपट अशक्य होत नाही; परंतु ज्याला शंका येईल त्याला शेवटपर्यंत जाण्याची वाट मोकळी राहते, आणि आपल्या यंत्राच्या सूक्ष्म वर्तनाकडे लक्ष देणारी माणसे जितकी अधिक, तितकी ती वाट वापरली जाण्याचा संभव अधिक. स्वतः प्रणाली बांधणारा मनुष्य सारी संहिता वाचत नसला, तरी त्याला आपल्या यंत्रात काय आहे आणि ते तेथे का आहे, याचे उत्तर देता येते. अर्धा सेकंद खटकण्यासाठी आधी तेवढी ओळख असावी लागते.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही रास्त आहेत. पहिला वेळेचा. लहान कार्यक्रम मिनिटा-दोन मिनिटांत बांधून होतात, पण क्रोमियम किंवा लिबरऑफिस यांसारखे प्रचंड कार्यक्रम जुन्या यंत्राला कित्येक तास गुंतवून ठेवतात, आणि नवी आवृत्ती आली की पुन्हा तेच. दुसरा विजेचा. पूर्ण भारावर दीडशे वॅट घेणारा संगणक पाच तास चालला तर पाऊण युनिट खर्च होते; एका घराला हा खर्च जड नाही, पण लक्षावधी घरांनी तेच काम स्वतंत्रपणे करणे हा अपव्यय ठरेल, हे म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच सर्वांनी हे करावे असे मी कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावी वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बांधणी मध्येच तुटली तर पोर्टेजला उरलेली यादी पुढे चालू ठेवण्यास सांगता येते, परंतु जो कार्यक्रम अर्ध्यावर होता तो बहुधा पहिल्यापासून बांधावा लागतो, आणि त्याला इलाज इन्व्हर्टरचाच. यांतील बऱ्याचशा आक्षेपांना जेंटूने स्वतःच उत्तर दिले आहे. २९ डिसेंबर २०२३ रोजी या प्रकल्पाने सर्वसाधारण निवडीप्रमाणे आधीच बांधलेले कार्यक्रमही मोठ्या प्रमाणावर उपलब्ध केल्याचे जाहीर केले. आपली निवड त्या निवडीशी जुळत असेल तेथे तयार कार्यक्रम घ्यावा, जेथे आपले वेगळे म्हणणे असेल तेथे तो स्वतः बांधावा. काही जुन्या भक्तांना ही तडजोड रुचली नाही, पण मला ती अत्यंत सुज्ञपणाची वाटते. कष्ट हे या मार्गाचे साध्य कधीच नव्हते, निर्णयाचा अधिकार हे साध्य होते, आणि कोणते कष्ट टाळावेत हा निर्णयही त्या अधिकारातच येतो.

मग हे कोणी करावे? माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते आपल्या तंत्रनिकेतनांतले आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी. कर्नल, फाइलसिस्टिम, प्रक्रिया, दुवे जोडणे, ग्रंथालये, हे सारे शब्द त्यांना परीक्षेपुरते पाठ असतात. प्रश्नपत्रिकेत आकृती काढून गुण मिळवलेला विद्यार्थी प्रत्यक्ष संगणक सुरू होताना काय काय घडते हे सांगू शकत नाही, आणि यात त्याचा दोष नाही, कारण ते पाहण्याची संधी त्याला कोणी दिलेलीच नसते. विंडोज १०ची देखभाल थांबल्यामुळे आता जे संगणक महाविद्यालयांच्या अडगळीत जातील, त्यांतले निदान दोन-चार वाचवून, सुटीत विद्यार्थ्यांच्या हवाली करावेत, आणि त्यांवर हँडबुकच्या आधाराने पूर्ण प्रणाली उभारण्याचे काम द्यावे. प्राध्यापकांनी शेजारी बसावे, पण आज्ञा विद्यार्थ्याने टंकाव्यात. एका वर्षाच्या व्याख्यानांत जे पोचत नाही, ते त्या एका सुटीत पोचेल, असे मी पूर्ण विश्वासाने लिहितो. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी याला प्रात्यक्षिकाचा दर्जा द्यावा, ही माझी विनंती आहे. त्यासाठी नवे अनुदान नको, नवे यंत्र नको, केवळ तेवढी तजवीज करण्याची इच्छा हवी. त्यांच्या जोडीला मला नुकतीच निवृत्त झालेली, शिस्तीने वाचण्याची आणि टिपणे ठेवण्याची सवय असलेली मंडळी दिसतात. आयुष्यभर फायली आणि नोंदवह्या सांभाळलेल्या माणसाला पोर्टेजच्या फाइली परक्या वाटणार नाहीत, आणि सवड ही या कामातली सर्वांत मोठी गरज त्यांच्याजवळ भरपूर असते.

ज्यांना आरंभ करायचा असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ज्या यंत्रावर घरचे रोजचे काम अवलंबून आहे ते प्रथम हाती घेऊ नये. दुसरे जुने यंत्र पाहावे, आणि त्यात जे काही जपायचे असेल त्याच्या दोन प्रती बाहेर काढून ठेवाव्यात. प्रोसेसर ६४-बिट असावा, रॅम ८ जीबी असल्यास उत्तम, आणि डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची असेल तर तिच्या जागी लहानशी एसएसडी बसवावी, कारण बांधणीत हजारो लहान फाइलींची ये-जा होते. हँडबुक वाचण्यासाठी शेजारी दुसरा संगणक किंवा निदान मोबाइल असावा. आरंभी ब्राउजर आणि कार्यालयीन कार्यक्रम तयार बांधलेले घ्यावेत, डेस्कटॉप हलका निवडावा, फ्लॅगांना फारसा हात लावू नये. आणि केलेला प्रत्येक बदल, तारीख आणि कारण यांसह, एका वहीत शाईने लिहून ठेवावा. अद्ययावत करण्याचे काम दर आठवड्याला नेमाने करावे, कारण कित्येक महिने दुर्लक्षित राहिलेली जेंटू पुन्हा मार्गावर आणणे अनुभवी माणसालाही जड जाते. ज्याला हा नेम पाळणे शक्य नाही, त्याने डेबियन घ्यावी आणि निश्चिंत राहावे.